पॉवर फॉरवर्डचा शोध : बास्केटबॉलमधील खेळाडूंची अदलाबदल आणि दिल्लीतील अपुरी व्यवस्था

नवी दिल्ली : अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजेच एनबीएच्या, दोन संघांनी ८ फेब्रुवारी २०२२ रोजी सहा खेळाडूंची अदलाबदल केली. इंडियाना पेसर्सने डोमांटास सबोनिस, जेरेमी लँब आणि जस्टिन हॉलिडे हे तीन खेळाडू व २०२३ च्या दुसऱ्या फेरीतील निवडीचा एक हक्क सॅक्रामेंटो किंग्जला दिला. त्या बदल्यात किंग्जने टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन यांना पेसर्सच्या हवाली केले. भारतीय क्रीडारसिकांना हे दोन्ही संघ अपरिचित नव्हते. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातील पहिलेवहिले सामने याच दोघांमध्ये झाले होते. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, तर दुसरा १३०-१०६ असा. पहिल्या सामन्याला सुमारे तीन हजार शालेय विद्यार्थी प्रेक्षक म्हणून उपस्थित होते. त्यात आणखी एक योग होता. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईतलाच. २०१३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने हा संघ विकत घेतला आणि एनबीए संघाचे प्रमुख मालकपद मिळवणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ ठरले.

चांगला पॉवर फॉरवर्ड हवा असलेला संघ तो अदलाबदलीतून कसा मिळवतो आणि त्यासाठी काय मोजतो, हे समजून घेण्यास या दोन संघांच्या व्यवहारांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम या जागेविषयी. बास्केटबॉल संघाच्या पाच खेळाडूंपैकी चौथ्या क्रमांकाच्या जागेला ‘पॉवर फॉरवर्ड’ म्हणतात. संघातील सर्वांत उंच खेळाडू, म्हणजे सेंटर, बास्केटखाली उभा असतो. त्याच्या जोडीने धक्काबुक्कीची बाजू सांभाळणारा हा दुसरा गडी. हुकलेला चेंडू झेलणे, म्हणजे रिबाउंड मिळवणे, सहकाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत अंग घालून उभे राहणे, जवळून गुण करणे ही त्याची पारंपरिक कामे. गेल्या दोन दशकांत या जागेचे स्वरूप पालटले. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा बास्केटसमोर ७.२४ मीटरवर असते. तेथून अचूक फेक करणारा पॉवर फॉरवर्ड असेल, तर त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या उंच बचावपटूला बास्केट सोडून बाहेर यावे लागते आणि आतली जागा इतरांना मोकळी होते. त्यामुळे आज संघ या जागेसाठी माणूस शोधतात तेव्हा त्यांना साडेसहा फुटांहून उंच, बळकट, तरीही दुरून फेकू शकणारा आणि चपळ गार्डपुढेही बचावात तग धरणारा खेळाडू हवा असतो. अशी माणसे थोडी असतात आणि साहजिकच महाग असतात.

किंग्जने ही उणीव आधी दुसऱ्या मार्गाने भरून काढण्याचा प्रयत्न केला होता. नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, २०१८ साली त्यांना दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्यांनी मार्विन बॅगली या पॉवर फॉरवर्डला घेतले. लुका डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे लीगमधील अग्रगण्य खेळाडूंत गणला जाऊ लागला. बॅगली मात्र दुखापतींनी ग्रासला आणि अपेक्षेइतका फुलला नाही. सबोनिसच्या व्यवहारानंतर दोनच दिवसांनी किंग्जने त्यालाही चार संघांच्या एका व्यवहारातून डेट्रॉइटला धाडले. २००६ पासून किंग्जला बाद फेरी गाठता आली नव्हती. संघाचा धीर सुटण्यास तेवढे पुरेसे होते.

सबोनिस हा लिथुआनियाचा; विख्यात सेंटर अर्विदास सबोनिस यांचा पुत्र. २०१६ च्या ड्राफ्टच्या रात्रीच ऑर्लँडोने त्याचे हक्क ओक्लाहोमा सिटीला दिले. तो व्यवहारही सर्ज इबाका या पॉवर फॉरवर्डसाठीच झाला होता. वर्षभरात पॉल जॉर्जच्या बदल्यात सबोनिस इंडियानाला गेला. वयाच्या पंचविशीत तिसऱ्यांदा त्याची रवानगी झाली, तेव्हा तो दोन वेळा ऑल-स्टार ठरलेला होता. पेसर्सकडे माइल्स टर्नर हा सेंटर असल्याने सबोनिसला चौथ्या जागेवर खेळवले जाई. दोन उंच खेळाडू एकाच जागेभोवती घोटाळत असल्याची तक्रार वर्षानुवर्षे होत होती. किंग्जकडे नेमके उलटे होते: डी’अॅरॉन फॉक्स, हॅलिबर्टन आणि डेव्हियन मिचेल असे तीन गुणी गार्ड होते, पण आतली बाजू पोकळ होती. एकाकडे जे वरकड होते त्याचीच दुसऱ्याला वानवा होती. बहुतेक चांगले व्यवहार अशाच स्थितीतून जन्म घेतात.

व्यवहारात सहा जण का आले, याचे उत्तर पगाराच्या गणितात आहे. एनबीएमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा असते. २०२१-२२ च्या हंगामात ती ११ कोटी २४ लाख डॉलर होती. ही मर्यादा ओलांडलेल्या संघाला अदलाबदल करताना जेवढ्या वेतनाचे खेळाडू द्यावेत साधारण तेवढ्याच वेतनाचे घ्यावे लागतात. नियमात थोडीशी सवलत असते एवढेच. हॅलिबर्टन २०२० च्या ड्राफ्टमधून आलेला, नवोदिताच्या करारावरचा खेळाडू. त्याचे वार्षिक वेतन सुमारे ४० लाख डॉलर. सबोनिसचे वेतन त्याच्या चौपटीहून अधिक. हा ताळमेळ बसवण्यासाठी दोन कोटी डॉलरहून अधिक वेतन घेणारा हील्ड आणि अनुभवी थॉम्पसन यांची नावे घातली गेली. पलीकडून लँब आणि हॉलिडे आले. बातमीत दुय्यम वाटणारी नावे पुष्कळदा अशी जमाखर्चाच्या रकान्यातून येतात. त्या माणसांना मात्र घरदार उचलून हजारो मैल जावेच लागते.

२०२३ मध्ये खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात झालेल्या नव्या करारानंतर हे नियम श्रीमंत संघांसाठी आणखी कडक झाले. वेतनाची सर्वांत वरची रेषा ओलांडलेल्या संघाला अनेक खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. व्यवहारात रोख रक्कमही देता येत नाही. भविष्यातील निवडहक्क देण्यावरही बंधन आहे. लागोपाठच्या दोन आगामी वर्षांत पहिल्या फेरीतील निवडीविना राहण्याची वेळ येईल अशा रीतीने ते देता येत नाहीत. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क सढळ हाताने वाटून संघाची दैना केली, त्यावरून या नियमाला त्यांचेच नाव पडले. नियमाला नाव मिळण्याचा हा मान कोणाला हवाहवासा वाटेल असा नाही.

दिल्लीच्या वाचकाला अदलाबदल ठाऊक आहे ती आयपीएलमधून. २००९ मध्ये दिल्लीने शिखर धवन मुंबईला देऊन आशिष नेहराला आणले. २०१८ च्या अखेरीस तोच धवन हैदराबादहून दिल्लीला परतला. त्यासाठी विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा यांना द्यावे लागले. पुढे अभिषेक शर्माने जी उंची गाठली ती पाहता या व्यवहाराचा हिशेब आजही नव्याने मांडला जातो. २०१९ मध्ये अजिंक्य रहाणेसाठी दिल्लीने मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया राजस्थानला दिले, आणि पुढच्याच हंगामात शारजात तेवतियाने एका षटकात पाच षटकार ठोकले. दोन्ही पद्धतींत एक मूलभूत फरक आहे. आयपीएलमध्ये अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. एनबीएमध्ये करारात तसे कलम मिळवलेले मोजके खेळाडू सोडले, तर कोणालाही न विचारता दुसऱ्या शहरी पाठवता येते.

सबोनिसच्या येण्याचे फळ किंग्जला लगेच मिळाले. २०२२-२३ मध्ये त्यांनी ४८ सामने जिंकले, ३४ गमावले आणि सोळा हंगामांचा, एनबीएच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ, दुष्काळ संपवला. सबोनिसने प्रतिसामना १२.३ रिबाउंड घेत लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले आणि पुढील दोन हंगामांतही ते राखले. पहिल्या फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सने सातव्या सामन्यात किंग्जला हरवले. पुढची दोन वर्षे मात्र ते बाद फेरीच्या उंबरठ्यावरूनच मागे फिरले. येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. सॅक्रामेंटोत सबोनिस सेंटर म्हणून खेळू लागला, म्हणजे पॉवर फॉरवर्डची जागा एका अर्थाने रिकामीच राहिली. संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर कीगन मरेला घेतले ते त्याच जागेचा विचार करून.

तिकडे पेसर्सलाही सबोनिस गेल्यावर चौथ्या जागेवर तोडीचा माणूस उरला नव्हता. त्यांनी घाई केली नाही. हॅलिबर्टनभोवती वेगवान खेळाची घडी बसू दिली आणि जवळपास दोन वर्षांनी, १७ जानेवारी २०२४ रोजी, टोरांटोकडून पास्कल सियाकमला आणले. किंमत जबर होती: ब्रूस ब्राउन, जॉर्डन न्वोरा आणि पहिल्या फेरीतील तीन निवडहक्क, त्यांतले दोन २०२४ चे व एक २०२६ चा. सियाकमचा करार त्या उन्हाळ्यात संपणार होता. तो निघून गेला असता तर पेसर्सच्या हाती काहीच उरले नसते. तो राहिला. त्याच वर्षी पेसर्स पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. २०२५ मध्ये तर २००० नंतर प्रथमच त्यांनी एनबीएची अंतिम फेरी गाठली. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सियाकम ठरला. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि विजेतेपद हुकले.

दोन्ही व्यवहार शेजारी ठेवले तर पेसर्सचे पारडे जड दिसते. याचा अर्थ किंग्ज फसले असा होत नाही. सोळा वर्षे उपाशी राहिलेल्या शहराला एक हंगाम तरी उत्सव मिळाला. मात्र संघात आधी कोणती घडी बसवायची आणि कोणत्या क्षणी मोठी किंमत मोजायची, याचा क्रम पेसर्सने अधिक नेमका लावला.

यात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि दिल्ली परिसरात नेमकी तीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये २०२६ चा निवडहक्क देताना ही लीग दोन वर्षांनी असेल, हे संघ असतील, ड्राफ्ट होईल, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. भारतात २०१५ ते २०१७ या काळात यूबीए प्रो बास्केटबॉल लीगचे चार मोसम झाले. तिच्यात ‘दिल्ली कॅपिटल्स’ नावाचा संघ होता. क्रिकेटमधील दिल्ली डेअरडेव्हिल्सने हे नाव डिसेंबर २०१८ मध्ये घेतले, तोवर बास्केटबॉलची ती लीग थांबली होती. २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये राजधानीचा संघ ‘दिल्ली ड्रिब्लर्स’ म्हणून उतरला आणि २०२५ च्या आयएनबीएल प्रो स्पर्धेत ‘दिल्ली ग्रिफिन्स’ म्हणून. दहा वर्षांत तीन नावे. ज्या संघाचे नावच पुढच्या स्पर्धेत टिकेल याची खात्री नाही, त्याने तीन वर्षांनंतरची निवड देऊ केली तर ती घेणार कोण?

भारतीय बास्केटबॉलपटूचे खरे स्थैर्य नोकरीत आहे. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने भारतीय रेल्वे आणि सेनादलांचे संघ उतरतात. ओएनजीसीसारखे सार्वजनिक उपक्रमही खेळाडू बाळगतात. येथे खेळाडू संघ बदलतो तो नियुक्तिपत्र हाती पडल्यावर. एखाद्या संघाला पॉवर फॉरवर्ड हवा असेल तर त्याने दुसऱ्या संघाशी घासाघीस करून उपयोग नसतो. रिक्त पद असावे लागते. उपनगरी वसतिगृहात घडणाऱ्या उंच मुलाच्या दृष्टीने हे पद वाईट नव्हे, कारण निवृत्तीपर्यंत वेतन मिळते. पण वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धेतून येणारी धार त्यातून लाभत नाही.

म्हणून या परिसरात शोधाचा भर अदलाबदलीऐवजी घडवण्यावर राहिला. मे २०१७ मध्ये ग्रेटर नोएडातील जेपी ग्रीन्स क्रीडासंकुलात एनबीए अकादमी इंडिया सुरू झाली. देशभरातून निवडलेली मुले तेथे राहून शिकू व खेळू लागली. २०१८ मध्ये याच ठिकाणी आशिया विभागाचे ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ शिबिर झाले. कॅमेरूनमध्ये वाढलेला सियाकम २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत याच उपक्रमाच्या शिबिरात प्रथम प्रशिक्षकांच्या नजरेत भरला होता.

भारताला चौथ्या जागेचे खेळाडू मिळालेले नाहीत असे नाही. २०१४ च्या फिबा आशिया चषकात वुहान येथे यजमान चीनला ६५-५८ असे हरवणाऱ्या संघातील अमज्योत सिंग याच जागेचा. २०१७ मध्ये तो एनबीएच्या विकास लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला. त्याआधी २०१६ मध्ये पालप्रीत सिंग ब्रारला लाँग आयलंड नेट्सने निवडले होते. गुरदासपूर जिल्ह्यातील प्रिन्सपाल सिंग, उंची सुमारे ६ फूट १० इंच, ग्रेटर नोएडाच्या अकादमीतून ऑस्ट्रेलियातील जागतिक अकादमीत आणि तेथून २०२० मध्ये जी लीग इग्नाइट संघात पोहोचला. ऑगस्ट २०२१ मध्ये लास वेगासच्या समर लीगमध्ये बोस्टनला १००-६७ असे नमवून विजेता ठरलेल्या संघात तो होता. तो संघ सॅक्रामेंटो किंग्जचा होता. सबोनिस तेथे येण्यास त्या वेळी सहा महिने अवकाश होता.