दुहेरी नोंद : पुनरावृत्ती की पुरावा? (पूर्व विदर्भाच्या संदर्भात)

प्रस्तावना : वैद्यकीय चाचणीत एकाच घटनेची माहिती दोनदा गोळा झाल्यास एक नोंद वगळावी, असा सर्वसाधारण समज आहे. भारतीय जन्ममृत्यू नोंदणीचा इतिहास मात्र याहून वेगळे सांगतो.

तात्त्विक पार्श्वभूमी : सी. चंद्रशेखरन व डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 मध्ये बंगालमधील सिंगूरच्या माहितीवरून दोन स्वतंत्र याद्या ताडून पाहण्याची पद्धत मांडली. समजा, नोंदवहीत 90 जन्म, सर्वेक्षणात 80 आणि दोन्हींत समान असे 72 आढळले. सरळ बेरीज 170 होते. प्रत्यक्ष वेगळे जन्म 98 असतात. तर 90 × 80 ÷ 72 या हिशेबाने एकूण जन्म 100 येतात. दोन्ही याद्यांतून निसटलेल्या 2 जन्मांचा अंदाज जुळणाऱ्या 72 नोंदींमुळेच बांधता येतो. नमुना नोंदणी पद्धतीनेही हेच तत्त्व स्वीकारले. तीत न जुळणाऱ्या घटनांची गावात जाऊन फेरतपासणी होते.

गडचिरोलीची चाचणी : गोंदियालगतच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1993 ते 1998 या काळात घरोघरी नवजात बालसेवेची क्षेत्रीय चाचणी केली. 39 गावांत सेवा दिली गेली; 47 गावे तुलनेसाठी होती. नियमित नोंदीस घरोघरच्या सर्वेक्षणाची जोड होती. सेवेच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्के कमी आढळला. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

नोंदी जुळविण्यातील अडचणी : देवरी, सालेकसा यांसारख्या सीमावर्ती तालुक्यांत सोयरीक छत्तीसगढ व मध्य प्रदेशापर्यंत पोहोचते. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या स्त्रीची नोंद माहेरी व सासरी, दोन्हीकडे होऊ शकते. याउलट, जुळ्यांची आई व जन्मतारीख एकच असल्याने एका बाळाची नोंद पुनरावृत्ती समजून वगळली जाण्याचा धोका असतो. बारशापूर्वी दगावलेल्या बाळाला तर नावही नसते. ती एकच नोंद वगळली गेली, तर मृत्युदर खोटाच कमी दिसतो.

निष्कर्ष : आजच्या सीडिस्क प्रमाणरचनेत गोळा केलेली माहिती व विश्लेषणाची माहिती यांचे संच वेगळे ठेवले जातात. म्हणून मूळ नोंदी जतन कराव्यात, निवडीचा नियम निकालापूर्वी लिहून ठेवावा आणि शंका असल्यास पुन्हा त्या घरी जावे. नोंद खोडणे सोपे असते. खोडलेले बाळ पुन्हा शोधणे कठीण असते.