बॅटोसेरा

लांब शृंगिका असलेल्या भुंगेऱ्यांच्या सेरँबिसिडी कुलातील, लॅमिइनी उपकुलात मोडणारी प्रजाती. हिच्या सुमारे ६० जाती भारत व श्रीलंकेपासून चीन, जपान, आग्नेय आशिया, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतात. कोकणातले आंबा बागायतदार ज्याला भिरूड म्हणतात, तो खोड पोखरणारा किडा याच प्रजातीतला असून त्याचे शास्त्रीय नाव बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा आहे. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ डी गीर यांनी १७७५ मध्ये त्याचे वर्णन केले. न्यू गिनी व उत्तर क्वीन्सलँडमधील बॅटोसेरा वॉलेसी ही जाती आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या नावाने ओळखली जाते. तिची लांबी ८० मिमी.पर्यंत जाते आणि नराच्या शृंगिका शरीराच्या दुपटीहून लांब असतात.

प्रजाती ओळखताना आधी कुल व उपकुल नक्की करावे. लांब शृंगिका दिसली की लोक थेट नावावर येतात आणि तिथेच फसतात. सेरँबिसिडी कुलातील भुंगेऱ्याचे डोळे शृंगिकेच्या बुडाला वळसा घालतात, त्यामुळे ते खाच पाडल्यासारखे दिसतात. पाऊल चार पेरांचे वाटते. खरे तर ती पाच असतात, पण चौथे अगदी लहान असून दुभंगलेल्या तिसऱ्या पेरात दडलेले असते. लॅमिइनी उपकुलाची खूण चेहऱ्यात आहे. यांचे कपाळ सरळ खाली उतरते आणि तोंड जमिनीकडे वळलेले असते. प्रायोनिनी उपकुलातील दांडग्या भुंगेऱ्यांचे जबडे मात्र पुढे रोखलेले असतात आणि अग्रवक्षाच्या दोन्ही कडा धारदार असतात. लॅमिइनींत जबड्याजवळच्या स्पर्शकाचे शेवटचे पेर टोकदार असते, आणि पुढच्या पायाच्या नडगीच्या आतल्या बाजूला एक तिरकी खोबण असते. शृंगिका साफ करताना भुंगेरा ती या खोबणीतून ओढतो.

बॅटोसेरा ओळखण्याचे खरे काम यापुढे सुरू होते. शरीर जाड व लांबट असते. रूफोमॅक्युलाटाचे प्रौढ बहुधा ३५ ते ५० मिमी. लांब असतात. अग्रवक्ष लांबीपेक्षा रुंद, वरून आडव्या सुरकुत्यांचे, आणि दोन्ही बाजूंना एकेक मजबूत काटा असलेले असते. पंखकवचांच्या खांद्यांवरही टोक असते. त्यांच्या मुळाशी काळे, चकचकीत, टणक दाणे दाटीने उठलेले असतात व मागे जाताना विरळ होत नाहीसे होतात. बोट फिरवले तर हा भाग कानशीसारखा लागतो. पंखकवचांचे मागचे टोक गोल नसून तिरके छाटलेले असते, आणि अनेक जातींत त्याच्या आतल्या कोपऱ्यावर बारीक काटा असतो. शृंगिकेच्या जाड पहिल्या पेराच्या टोकाला व्रणासारखा खरखरीत भाग असतो. तो लॅमिइनीतल्या इतरही काही प्रजातींत असल्याने एकट्या त्याच्यावर निर्णय करू नये. नराच्या शृंगिका मादीपेक्षा लांब व खालून काटेरी असतात. त्याचे पुढचे पायही लांब असतात.

रंगाच्या खुणा पटकन नजरेत भरतात. अंगावर राखाडी किंवा तपकिरी बारीक लव असते. अग्रवक्षावर मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन नारिंगी डाग, पंखांच्या मुळाशी मधोमध असलेला छोटा तुकडा पांढरा, डोळ्यामागून पोटाच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी जाणारा पांढरा पट्टा, आणि पंखकवचांवर ठिपक्यांची ओळ. हे सगळे एकत्र दिसले तर बॅटोसेराची शक्यता फार मोठी असते. तरीही रंग ही दुय्यम खूण मानावी. ठिपके लवेचे बनलेले असतात, म्हाताऱ्या भुंगेऱ्याची लव झिजते, आणि मेल्यावर नारिंगी रंग फिका पडतो. जुन्या संग्रहातला नमुना पाहून ठिपक्यांच्या रंगावरून जाती ठरवणे धोक्याचे आहे. काटे, दाणे आणि पंखांची टोके मात्र शंभर वर्षांनीही तशीच राहतात.

गफलत होते ती मुख्यतः दोन प्रजातींशी. तुती व पॉप्लरच्या झाडांवरचा एप्रिओना हा बॅटोसेराचा जवळचा नातलग. त्याच्याही पंखांच्या मुळाशी दाणे असतात. पण त्याचे अंग एकसारख्या पिवळट-तपकिरी लवेने झाकलेले असते, अग्रवक्षावर नारिंगी डागांची जोडी नसते, आणि शृंगिकेच्या पेरांची मुळे फिकट दिसतात. ॲनोप्लोफोराचे पंख सहसा काळे व तुळतुळीत, त्यांवर पांढरे ठिपके आणि मागची टोके गोलसर असतात.

अळी पाहून प्रजाती सांगणे प्रौढाइतके सोपे नाही. ती पिवळट पांढरी, बिनपायांची, पुढे रुंद असून तिचे डोके अग्रवक्षात ओढून घेतलेले असते. काळेभोर जबडे तेवढे बाहेर दिसतात. आंब्याच्या खोडात अशी जाड अळी सापडली आणि भोकातून लाकडाचा जाडसर, तंतुमय भुसा बाहेर पडत असेल, तर भिरूड असल्याचे मानून लगेच उपायाला लागावे, नावाच्या खात्रीसाठी थांबू नये. साल खाणारी अळी वेगळी: ती विष्ठा व भुसा रेशमी धाग्यांनी विणून सालीवर जाळीदार पट्टे करते. भिरूड तसे पट्टे करत नाही. मादी सालीला चावून खाच पाडते व तिथे अंडी घालते. अळी खोडातच कोश करते, आणि प्रौढ गोल भोक पाडून पावसाळ्याच्या सुमारास बाहेर पडतात. ते रात्री दिव्याकडे येतात. हाती धरल्यास अग्रवक्ष मागच्या भागावर घासून किरकिर करतात.

रूफोमॅक्युलाटा आंब्याखेरीज फणस, अंजीर, सावर अशा अनेक झाडांवर जगतो. माणसाच्या व्यापारामागे तो मूळ प्रदेशाबाहेरही पोचला असून इस्रायलमध्ये अंजिराच्या बागांचा शत्रू झाला आहे.

भारतीय प्रजातींसाठी अभ्यासकांचा हात पहिल्यांदा सी. जे. गहान यांच्या १९०६ च्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तील खंडाकडे जातो. तो सेरँबिसिडीवरचाच असला तरी त्यात लॅमिइनी नाहीत, म्हणून बॅटोसेरासाठी तो उपयोगी पडत नाही.

ज्यांना या भुंगेऱ्याचे छायाचित्र ओळखीसाठी पाठवायचे आहे, त्यांनी वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, पंखांचे मूळ व टोक स्पष्ट दिसेल असे पाहावे, आणि ठिकाण, तारीख व झाडाचे नाव सोबत जरूर लिहावे.