लार्ज फॉरमॅटच्या भटकंतीला फिल्म किती न्यावी?

डिजिटल कॅमेऱ्याच्या एका कार्डावर हजारो छायाचित्रे मावतात. त्यामुळे ‘किती फोटो काढता येतील’ हा प्रश्न आता फारसा कोणाला पडत नाही. मात्र ४ बाय ५ इंचाच्या सुट्या शीटवर चित्रण करणाऱ्या लार्ज फॉरमॅट छायाचित्रकाराला घराबाहेर पडण्यापूर्वीच या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. फिल्म कमी पडली, तर ऐन वेळी समोरचे दृश्य सोडून द्यावे लागते. जास्त नेली, तर खांद्यावरचे ओझे वाढते. शिवाय एका शीटचा खर्चच शेकडो रुपयांच्या घरात जातो.

हिशेब होल्डरचा

या कॅमेऱ्यात रीळ नसते. फिल्मची एकेक शीट संपूर्ण अंधारात होल्डरमध्ये भरावी लागते. प्रत्येक होल्डरमध्ये पुढे एक व मागे एक अशा दोनच शीट बसतात. म्हणजे दहा होल्डर घेतले, तरी छायाचित्रे वीसच. या शीटचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चित्राच्या सुमारे तेरापट असते. मोठ्या छपाईतही बारकावे टिकतात ते त्यामुळेच.

कॅमेरा तिपाईवर चढवणे, काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवर उलटे दिसणारे दृश्य जुळवणे आणि प्रकाश मोजणे या साऱ्यात एका दृश्यामागे पाव ते अर्धा तास सहज जातो. सकाळ-संध्याकाळचा चांगला प्रकाश मोजकाच वेळ टिकतो. त्यामुळे एका दिवसात पाच-सहा दृश्ये मनासारखी झाली, तरी दिवस सार्थकी लागला म्हणावे. फिल्मचा हिशेब उत्साहावरून न करता अशा दृश्यांच्या संख्येवरून करावा.

साधा नियम असा की, स्थिर दृश्याला दोन शीट, वाऱ्यात हलणाऱ्या दृश्याला तीन आणि माणसाच्या व्यक्तिचित्राला चार. शिवाय रोज दोन शीट राखीव. हा नियम सातारा-सांगलीच्या तीन दिवसांच्या सप्टेंबरमधील दौऱ्याला लावून पाहू.

मेणवली, कास आणि मिरज

पहिल्या दिवशी सकाळी वाईजवळचे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट आणि घाटावरची मंदिरे यांची चार दृश्ये धरली, तर आठ शीट होतात. संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावरून साताऱ्याचे एक दृश्य, त्याच्या दोन. एकूण दहा, सर्व कृष्णधवल.

दुसऱ्या दिवशी कास. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथे रंगीत फिल्मच हवी. मात्र पठारावरचा वारा कॅमेऱ्याचा भाता हलवतो आणि फुलेही एका जागी राहत नाहीत. म्हणून फुलांच्या दोन दृश्यांना सहा शीट आणि कास तलावाला दोन, अशा आठ धराव्यात. हंगामात पठारावरील प्रवेश मर्यादित असतो. तेव्हा तिपाई नेण्याबाबतचे नियम आधीच विचारून घ्यावेत. चांगल्या दृश्यासाठी फुलांत पाय टाकण्याचा मोह टाळावा, हे वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी सांगली. पावसाळ्यात ज्याच्या पाणीपातळीकडे साऱ्या शहराचे लक्ष असते, त्या १९२९ च्या आयर्विन पुलाची दोन दृश्ये, चार शीट. तेथून मिरजेची सतारमेकर गल्ली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भोपळ्यांनी भरलेल्या कारखान्याच्या दृश्याला दोन आणि कारागिराच्या व्यक्तिचित्राला चार शीट लागतील. आतल्या अपुऱ्या उजेडात एक्स्पोजर लांबते. तेवढ्या वेळात कारागिराची पापणी लवते वा हात हलतो. या दिवशीच्याही दहा.

आता बेरीज करू. कृष्णधवल वीस आणि दोन दिवसांच्या राखीव चार, म्हणजे चोवीस. रंगीत आठ आणि राखीव दोन, म्हणजे दहा. कृष्णधवल शीटचा २५ चा आणि रंगीत शीटचा १० चा, असे दोन डबे पुरतात. कोणत्याही दिवशी बारापेक्षा जास्त शीट लागत नाहीत. त्यामुळे रोज रात्री होल्डर पुन्हा भरायचे ठरवले, तर सहा होल्डरमध्ये काम भागते. सतरा-अठरा होल्डर वाहून नेण्यापेक्षा हे केव्हाही सोयीचे.

राखीव शीट कशासाठी?

अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स १९२७ मध्ये यॉसेमिटीतील ‘हाफ डोम’ या कड्याचे चित्रण करायला निघाले, तेव्हा त्यांच्याकडे बारा काचपट्ट्या होत्या. कड्यासमोर पोहोचेपर्यंत त्यांतल्या दोनच उरल्या. पहिली पिवळा फिल्टर लावून वापरल्यावर आकाश हवे तितके गडद येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. शेवटची पट्टी त्यांनी लाल फिल्टर लावून वापरली आणि ‘मोनोलिथ’ हे त्यांचे गाजलेले छायाचित्र तयार झाले. तीही आधीच खर्ची पडली असती, तर ते छायाचित्र झालेच नसते.

याच अॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. दुसऱ्या प्रतीसाठी होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचे ऊन ओसरले होते. फिल्म शिल्लक होती, प्रकाश नव्हता. तेव्हा राखीव शीट शेवटपर्यंत सांभाळाव्यात, पण भरपूर फिल्म जवळ असणे म्हणजे दुसरी संधी मिळणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

ऊन, धूळ आणि घाम

होल्डर भरण्यासाठी काळी चेंजिंग बॅग सोबत असावी. मात्र पावसाळी दमट हवेत तिच्यात हातांना घाम येतो व फिल्मवर बोटांचे ठसे उमटतात. त्यापेक्षा रात्री लॉजच्या न्हाणीघरात, दाराच्या फटी बुजवून आणि दिवा मालवून भरणे बरे. शीट उभी धरल्यावर कडेची खाच वर उजव्या कोपऱ्यात आली, तर फिल्मची लेप असलेली बाजू आपल्याकडे आहे असे समजावे. डार्क स्लाइडची पांढरी बाजू बाहेर असेल तर शीट कोरी आणि काळी असेल तर वापरलेली, हा सर्वमान्य संकेत पाळावा.

वापरलेल्या शीटसाठी दोन रिकामे डबे न विसरता न्यावेत. एक कृष्णधवलसाठी, दुसरा रंगीतसाठी. होल्डर धूळ व पावसापासून वाचवण्यासाठी झाकबंद पिशवीत ठेवावेत. बंद मोटारीत उन्हात फिल्म कधीही ठेवू नये. प्रत्येक शीटचा क्रमांक, स्थळ आणि एक्स्पोजर वहीत लिहावे. परतल्यावर स्थिर दृश्याच्या दोन शीटपैकी आधी एकच धुवावी. तिच्यात काही चूक आढळली, तर दुसरीच्या धुलाईत ती काही प्रमाणात सुधारता येते.