टायरमध्ये मणी टाकून बॅलन्सिंग होतं का? बाइक आणि ट्रकवाल्यांनी आधी हे वाचा

ड्रिलला लावलेली प्लास्टिकची बाटली फिरताना जोरात थरथरते. मग तिच्यात थोडे बारीक मणी टाकले जातात आणि थरथर एकदम थांबते. असा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. 'टायरमध्ये हे मणी टाका आणि बॅलन्सिंगचा खर्च कायमचा वाचवा,' असा त्याचा सूर असतो.

व्हिडिओत दिसतं ते खोटं नाही. पण बाटलीत जे घडतं, ते रस्त्यावर धावणाऱ्या टायरमध्येही तसंच घडेल का? समजून घेऊया.

चाकाचा बॅलन्स बिघडतो म्हणजे काय?

कोणताही टायर सगळीकडून अगदी सारख्या वजनाचा नसतो. त्यात रिम आणि वॉल्व्हच्या वजनाची भर पडते. त्यामुळे चाकाची एक बाजू किंचित जड राहते.

हा फरक किती महत्त्वाचा असतो? बाइकचं ३० सेंटीमीटर त्रिज्येचं चाक घ्या. त्याच्या कडेला एका जागी फक्त १० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला जवळपास १५ वेळा फिरतं आणि ते १० ग्रॅम चाकाला सुमारे अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढतात. वेग निम्मा केला की ही ओढ पाव होते. म्हणूनच गावात मस्त चालणारी गाडी हायवेला लागली की हँडल थरथरायला लागतं.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे चाक मशीनवर किंवा स्टँडवर फिरवून हलकी बाजू शोधायची आणि तिथे रिमला छोटं वजन लावायचं. पूर्वी ही वजनं सर्रास शिशाची असायची. शिसं विषारी असल्याने युरोपीय संघाने २००५ मध्ये नव्या कारसाठी ती बंद केली.

मणी नेमकं काय करतात?

हे मणी काचेचे किंवा सिरॅमिकचे असतात. टायर बसवताना किंवा वॉल्व्हची पिन काढून ते आत सोडले जातात. बाइकच्या पुढच्या टायरला साधारण ३० ग्रॅम, मागच्याला ६० ग्रॅम आणि ट्रकच्या मोठ्या टायरला २५० ते ३५० ग्रॅम मणी लागतात.

गाडी अगदी हळू असताना ते टायरच्या तळाशी घरंगळत राहतात. बाइकने ताशी ६-७ किलोमीटरचा वेग ओलांडला की ते टायरच्या आतल्या बाजूला चिकटून फिरू लागतात.

पण मग ते जड बाजूलाच जमा होणार नाहीत का? याचं उत्तर वेगावर अवलंबून आहे. प्रत्येक चाक-सस्पेन्शनचा स्वतःचा उसळण्याचा एक ठरलेला ठेका असतो. चाक त्यापेक्षा हळू फिरत असेल तर ते जड बाजूकडे सरकतं आणि मणीही तिकडेच जातात, म्हणजे थरथर वाढते. फिरण्याचा वेग त्या ठेक्याच्या बराच पुढे गेला की चित्र उलटतं. चाक आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतं, हलकी बाजू जास्त बाहेर जाते आणि मणी तिथे जमतात. काही वॉशिंग मशीनमध्ये ड्रमची थरथर कमी करण्यासाठी हेच तत्त्व वापरतात.

मग वाद कशाचा?

ड्रिलवरची बाटली हा टप्पा सहज ओलांडते. गाडीच्या चाकाचं तसं नाही. वाहनांच्या चाकांचा उसळण्याचा ठेका साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा असतो. ट्रकचं चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला ७ वेळाही फिरत नाही. बाइकचं चाक १०० च्या वेगाला जेमतेम १५ पर्यंत पोहोचतं.

शिवाय त्या वेगाला प्रत्येक मणी आपल्या वजनाच्या सुमारे २५० पट जोराने रबरावर दाबला जातो. इतका दाबलेला मणी जागा कशी बदलणार, हा टीकाकारांचा प्रश्न आहे. रस्त्याला टेकताना टायर चपटा होतो, त्या धक्क्यांनी मणी हलत राहतात, असं समर्थक म्हणतात. वापरणाऱ्यांचे अनुभवही दोन्ही प्रकारचे आहेत. पण बाटलीचा व्हिडिओ हा या वादातला पुरावा होऊ शकत नाही.

बाइकसाठी काय योग्य?

बाइकचं चाक अरुंद असतं. साध्या स्टँडवर फिरवून, रिमला वजन लावून त्याचं बॅलन्सिंग अचूक आणि स्वस्तात होतं. त्यामुळे मण्यांची गरज फारशी नाही. नवा टायर टाकताना त्यावर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हसमोर आणायला सांगा. ती टायरची हलकी बाजू असते.

ट्रकचं गणित थोडं वेगळं आहे. चाक जड, मशीन सगळीकडे नाही आणि टायर झिजेल तसा बॅलन्स बदलतो. त्यामुळे काही ट्रकवाले मणी वापरून बघतात.

मणी टाकायचेच असतील तर

- टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड असेल तर मणी टाकू नका. दोन्ही मिळून गोळे होतात.
- कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असेल तरीही मणी चिकटतात. हवा कोरडी हवी.
- साध्या वॉल्व्ह पिनमध्ये मणी अडकून हवा गळते. जाळीची पिन लावा.
- पंक्चरवाल्याला आधीच सांगा. हवा सोडताना मणी डोळ्यांत उडू शकतात.
- मणी असलेलं चाक बॅलन्सिंग मशीनवर तपासता येत नाही. तिथे एक्सल घट्ट धरलेला असतो, त्यामुळे दर वेळी वेगळा आकडा येतो.

सगळ्यात महत्त्वाचं

प्रत्येक थरथर बॅलन्सचीच नसते. वाकलेली रिम, ढिले बेअरिंग, सैल नट, फुगवटा आलेला टायर, ट्रकच्या रिमोल्ड टायरचं सुटत चाललेलं रबर, या सगळ्यांमुळे गाडी थरथरते आणि यातलं काहीही मणी टाकून बरं होत नाही. उलट थरथर थोडी कमी झाली तर खरा दोष झाकला जातो आणि तो भर वेगात समोर येतो.

त्यामुळे हँडल किंवा स्टिअरिंग अचानक थरथरायला लागलं तर वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या आणि आधी टायर आणि नट बघा. मग बेअरिंग आणि रिम तपासून घ्या. वजन लावायचं की मणी टाकायचे, हे त्यानंतर ठरवा.