समाजी हसाजी दिवेकर : कैदेतून सुटलेला एक बेने इस्राएल

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं की ज्यू म्हटलं की युरोपच का आठवतो, आपल्याकडचे ज्यू कुठे गेले? तेव्हा आज आम्ही समाजी हसाजी दिवेकरांविषयी बोलणार आहोत. राजवाड्यांच्या धुळ्यात बोलायचं तर कागद कुठला आणि ऐकीव कथा कुठली, हे आधी वेगळं सांगायला हवं. तसं करत पुढे जाऊ.

दिवेकर हे आडनाव कोकणातल्या दिवे गावावरून आलेलं. बेने इस्राएल लोकांची आडनावं अशीच असतात : पेणकर, किहीमकर, रोहेकर. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची मूळकथा. ती कोणत्या शतकातली, यावर पंडितांचं एकमत नाही. पण एवढं खरं की हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. ग्रंथ हरवला, हिब्रू विसरली, ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. घाण्याच्या एका सुट्टीवर धर्म टिकला म्हणायचा! तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ‘ओळख म्हणजे काय’ यावर तास घ्यायचो. तिथे हे उदाहरण द्यायला हवं होतं.

पुढे यातले बरेच जण मुंबईला आले आणि कंपनीच्या पलटणीत शिरले. समाजी हे त्यातले एतद्देशीय अधिकारी. इंग्रजांच्या कागदांत त्यांचं नाव सॅम्युएल एझेकिएल असं येतं. म्हैसूरशी दुसरं युद्ध झालं १७८० ते १७८४ या काळात. त्यात समाजी टिपूच्या कैदेत सापडले. इथून पुढची कथा ऐकीव आहे, हे लक्षात ठेवा. कैद्यांना नाव आणि जात विचारली गेली. यांनी ‘बेने इस्राएल’ असं सांगितलं. टिपूच्या आईने हे नाव कुराणात वाचलेलं होतं, पण असा माणूस कधी पाहिलेला नव्हता. तिने रदबदली केली आणि यांचा जीव वाचला. हायीम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही आठवण जपली आहे. तपशील कमीजास्त असेल, पण कथेत एक बारकावा सुरेख आहे. ‘यहुदी’ या शब्दाने जे साधलं असतं की नाही कोण जाणे, ते ‘बनी इस्राईल’ या शब्दाने साधलं.

सुटका झाल्यावर समाजींनी प्रार्थनामंदिर बांधायचा नवस फेडला. मुंबईत मांडवी भागात १७९६ मध्ये ते उभं राहिलं, शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्राएल त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. सध्याची इमारत १८६० ची. मंदिर झालं, पण तोराची गुंडाळी हवी होती. ती आणायला समाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

आता स्थलांतराकडे येऊ. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे वसले. आणि तिथे त्यांना परत तोच प्रश्न आला : तुम्ही कोण? १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं की यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्या नावाने श्रीरंगपट्टणात माणूस वाचल्याची कथा सांगतात, त्याच नावावर जेरुसलेममध्ये संशय! लोकांनी धरणं धरलं, उपोषणं केली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. मग धर्मपीठालाही ते फर्मान बदलावं लागलं. आमच्या मते हा लढा मराठी इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवा. लढणारे मराठीच होते.

तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. घरात शुभकार्य असलं की पोहे, नारळ, साखर घालून मलिदा होतो आणि एलियाहू हन्नबीचं नाव घेतात. अलिबागजवळ सागावच्या खडकावर त्याच्या रथाची चाकं उमटल्याचं मानतात. आजही इस्रायलहून आलेली कुटुंबं त्या खडकापाशी जाऊन मलिदा करतात.