तिकीट सोलू नका!

मंडळी, जुन्या ट्रंकेत पहिल्या महायुद्धातलं पाकीट सापडलं, तर प्लीज तिकीट भिजवून काढू नका. मी अख्खी पाकिटंच जमवतो. हिंदी फौजेसाठी १९१४ मध्ये पंचम जॉर्जच्या तिकिटांवर 'आय.ई.एफ.' छापलं. छानच आहेत ती, पण खरी गोष्ट शिक्क्यात! फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर गावाऐवजी नुसता नंबर, म्हणजे फौजेचा ठावठिकाणा फुटू नये. शेजारी सेन्सॉरचा ठप्पा. नंबर आणि तारीख जुळवली की शिपाई कुठे होता ते कळतं. मेसोपोटेमियात कुतला ७ डिसेंबर १९१५ पासून सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणीही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग कैद. कित्येक जण परतलेच नाहीत. वेढ्याच्या आदल्या आठवड्यातलं पाकीट एखाद्या घरी आलेलं शेवटचंही असू शकतं.