हुकूम आणि इमान : बाजी घोरपडे व कान्होजी जेधे यांचे दोन निर्णय

इ. स. १६४८ च्या जुलै महिन्यात विजापूरचा वजीर मुस्तफाखान जिंजीच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. त्याच्या छावणीत शहाजीराजे भोसले आपल्या पथकासह होते, आणि मुधोळचे बाजी घोरपडेही होते. २५ जुलैच्या पहाटे बाजी घोरपड्यांनी, वजिराच्या आज्ञेवरून, शहाजीराजांच्या तळावर घोडी घातली व त्यांस कैद करून वजिराच्या स्वाधीन केले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १६५९ च्या जून महिन्यात, रोहिडखोऱ्यातील कारीचे देशमुख कान्होजी जेधे यांच्या हाती त्याच विजापूर दरबाराचे फर्मान पडले. त्यातील आज्ञा शिवाजीराजांविरुद्ध अफझलखानास मिळण्याची होती. कान्होजींनी ती मानली नाही. मराठी इतिहासपरंपरेने पहिल्यास दगा म्हटले आणि दुसऱ्यास इमान. हा निवाडा इतका रूढ झाला आहे की, दोघेही एकाच गादीचे चाकर होते आणि हुकूम पाळणारा घोरपडे होता, मोडणारा जेधे, ही साधी गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ज्याच्या खांद्यास खांदा लावून लढलो त्याच्याच गळ्यास फास लावण्याची आज्ञा झाली असता सैनिकाने काय करावे, याविषयी सतराव्या शतकातील माणसांची समजूत कोणती होती, हे या दोन प्रसंगांवरून पाहता येते.

पहिल्या प्रसंगाची साधने परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. दरबारी इतिहासकार जहूर याच्या मुहंमदनाम्याप्रमाणे, धान्याची महागाई झाली असून आपल्या लोकांस अधिक काळ वेढ्याचे कष्ट सोसवत नाहीत, सबब मुलखात परत जाण्याची परवानगी मिळावी, अशी मागणी शहाजीराजांनी केली होती. ती नाकारली जाताच परवानगीवाचून निघून जाण्याचा त्यांचा मनोदय दिसला आणि वजिराने त्यांस धरावयाचे ठरविले. एकोणिसाव्या शतकात रचल्या गेलेल्या बसातीन-उस्-सलातीन या ग्रंथात अटकेचा तपशील अधिक आहे. घोरपडे व जसवंतराव या दोन सरदारांस फौजेनिशी पहाटे पाठविण्यात आले, शहाजीराजे रात्रीच्या जागरणानंतर निद्रिस्त होते, गलबला ऐकताच ते एकटेच घोड्यावर बसून निघाले आणि घोरपड्यांनी पाठलाग करून त्यांस गाठले, असे त्यात म्हटले आहे. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात मात्र राजे लढता लढता मूर्च्छित होऊन पडतात. परमानंद शिवाजीराजांचा आश्रित असल्यामुळे शहाजीराजांचे शौर्य त्याने उजळ रंगात दाखविले असल्यास नवल नाही. परंतु विजापूरच्या बाजूच्या ग्रंथानेही झोपेत असलेल्या माणसावर चालून जाण्याचा प्रकार लपविलेला नाही. किंबहुना त्यात लपविण्यासारखे काही आहे असे त्या ग्रंथकारास वाटलेले दिसत नाही. त्याच्या लेखी तो वजिराचा हुकूम होता व तो चोख बजावला गेला होता.

आदिलशाही सैन्याची घडण ध्यानात घेतल्याखेरीज या हुकुमाचे स्वरूप कळत नाही. ते सैन्य एका सेनापतीने भरती केलेले व एका खजिन्यातून पगार घेणारे नव्हते. प्रत्येक सरदार आपली पागा, आपले शिलेदार व आपल्या मुलखातील पायदळ घेऊन येई. सरदारास जहागीर बादशहाची, पण बारगिराच्या मांडीखालचे घोडे सरदाराचे. त्यामुळे निष्ठेची साखळी दोन ठिकाणी बांधलेली असे : बारगीर सरदारास, सरदार तख्तास. दोन सरदारांमध्ये मात्र शाही फर्मानाने घातलेला कोणताही बंध नसे. तेथे सोयरीक, भाऊबंदकी, उपकार आणि शपथ यांचेच राज्य चाले. भोसले व घोरपडे ही दोन्ही घराणी स्वतःस एकाच मूळ कुळाच्या शाखा मानीत. त्या नात्याच्या पुष्ट्यर्थ मुधोळ संस्थानाकडून पुढे आलेली फर्माने संशोधकांत वादग्रस्त ठरली आहेत; परंतु नात्याची समजूत सतराव्या शतकात उभय पक्षी होती, एवढे येथे पुरे. म्हणून बाजी घोरपड्यांस जो हुकूम झाला तो साखळीच्या वरच्या टोकाकडून, ज्या बाजूस फर्मानाचा बंध नव्हता तेथे घाव घालण्याचा होता. त्या पहाटे घोरपड्यांच्या मागे जे बारगीर दौडले, त्यांस आपण कोणाच्या तळावर चाललो आहोत हे केव्हा कळले असेल, हा प्रश्न कोणत्याही साधनात आलेला नाही. इतिहासाच्या कागदांत बारगिरास तोंड नाही.

जुन्या मराठी कागदांत निष्ठेसाठी दोन वेगळे शब्द-समूह वावरतात. एक निमकाचा : ज्याचे अन्न खाल्ले त्याचे काम करावे, न केल्यास निमकहराम. दुसरा शपथेचा : क्रिया, भाक, बेलभंडार. ‘इमान’ हा अरबी शब्द मराठीत आल्यावर दोहोंसही लागू झाला आणि त्यामुळेच पुढील लेखकांचा घोटाळा झाला असावा. निमकाचे नाते देण्याघेण्याचे आहे. अन्न बंद केले, जहागीर परत केली की ते तुटू शकते. शपथ परत करता येत नाही, कारण तिच्या मोबदल्यात काही घेतलेलेच नसते. घोरपड्यांकडे विजापूरचे निमक होते हे निर्विवाद. शहाजीराजांशी त्यांची शपथक्रिया झाली होती असे कोठे नमूद नाही. उपकाराचे नाते मात्र होते असे भोसल्यांचे म्हणणे होते. त्याचा पुरावा पुढे यावयाचा आहे.

त्या अटकेत शहाजीराजांबरोबर कान्होजी जेधे व त्यांचे कारभारी दादाजी कृष्ण लोहोकरे हेही सापडले. हा दुवा महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रसंगाचे बीज याच कैदेत आहे. १६४९ च्या मे महिन्यात कोंढाणा व बंगळूर यांच्या बदल्यात शहाजीराजांची सुटका झाली, तेव्हा जेध्यांचीही झाली. जेधे करीन्याप्रमाणे शहाजीराजांनी कान्होजींस जवळ बोलावून सांगितले की, तुम्ही आमच्यासाठी कैद भोगलीत, आता मावळात जाऊन शिवाजीराजांपाशी इमानाने राहावे, मोगलांची वा आदिलशाहीची फौज आली तरी तिच्याशी लढावे. यावर उभयतांत शपथ झाली. आदिलशाहीचा एक मानकरी, स्वतः त्याच चाकरीत राहून, दुसऱ्यास आदिलशाही फौजेशी लढण्याची शपथ घालतो, यातील विसंगती उघड आहे. शहाजीराजे स्वतः १६६४ मधील मृत्यूपर्यंत विजापूरच्या सेवेतच राहिले.

करीना हा जेधे घराण्याने आपल्या हक्कांच्या व मानाच्या रक्षणासाठी लिहून ठेवलेला कागद आहे, हे विसरता कामा नये. आपल्या पूर्वजाने तख्ताची आज्ञा मोडली याचे समर्थन करण्यास त्याच तख्ताच्या एका थोर सरदाराची आज्ञा पुढे करणे हे अशा कागदाच्या प्रकृतीस धरूनच आहे. तरीही कैद एकत्र भोगल्याची गोष्ट संशयास्पद मानण्यास कारण नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीचा कालनिर्देश अन्य साधनांशी ताडून पाहता बहुतांशी विश्वसनीय ठरला आहे.

१६ जून १६५९ चे फर्मान मात्र पक्षपाताच्या शंकेपलीकडचे आहे. अली आदिलशहाच्या नावे निघालेल्या त्या फर्मानात, शिवाजीने अविचाराने निजामशाही कोकणातील मुसलमानांस उपद्रव दिला व पातशाही किल्ले घेतले, त्याच्या पारिपत्यासाठी अफझलखानाची नेमणूक झाली आहे, कान्होजीने खानाच्या आज्ञेत राहून शिवाजीचा बीमोड करावा, असा मजकूर आहे. त्याहून बोचक भाग पुढचा आहे. शिवाजीची माणसे कोठेही आढळली तरी त्यांस आश्रय न देता ठार मारावे, असे त्यात बजावले असून, खानाच्या शिफारशीप्रमाणे कान्होजीचा उत्कर्ष होईल व तसे न वागल्यास परिणाम बरा होणार नाही, असेही सुचविले आहे. ‘शिवाजीची माणसे’ म्हणजे कान्होजींच्या दृष्टीने कोण? बांदल, सिळीमकर, पासलकर, मारणे : शेजारच्या खोऱ्यांतील देशमुख, ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वतनाचे तंटेही झाले होते आणि दहा वर्षे एका निशाणाखाली चाकरीही घडली होती. फर्मान मोघम होते, पण मावळात त्याचा अर्थ नावनिशीवार होता.

कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह शिवाजीराजांकडे गेले. करीन्यातील पुढचा संवाद या विषयाचा गाभा आहे. राजांनी त्यांस भर घातली नाही; उलट उत्रवळीचा खंडोजी खोपडा खानास मिळाला आहे, तुम्ही न मिळाल्यास वतन जाईल, तेव्हा तुम्हीही जावे, असेच सुचविले. त्यावर कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. मग राजांनी, कबिले मावळातून हलवून तळेगावास न्यावे असा सल्ला दिला, आणि कान्होजींनी इतर देशमुखांस गोळा करण्याचे काम अंगावर घेतले.

पाणी सोडण्याचा हा विधी केवळ आवेशाचा मानल्यास त्याचा अर्थ निसटतो. दानाचा तो विधी आहे. पाणी सोडले की वस्तूवरील स्वत्व संपले. विजापूरच्या सनदेने चालत असलेले वतन सोडणे म्हणजे निमक परत करणे. त्यानंतर फर्मान मोडणारा माणूस निमकहराम ठरत नाही, कारण निमकच उरलेले नसते; उरते ती शपथ. कायद्याच्या काटेकोर नजरेने यात खोट काढता येईल. वतन विजापुरास परत करावयाचे तर ते विजापुरास लिहून कळवावयास हवे होते, शिवाजीराजांसमोर पाणी सोडून भागत नाही. शिवाय देशमुखी वतन ही नुसती बादशहाची देणगी नव्हे. आदिलशाही यावयाच्या आधीपासून ती मिरास चालत आली होती. आणि राजांचा जय होताच वतन जेध्यांकडेच राहिले, हेही खरे. परंतु जून महिन्यात नोव्हेंबरचा निकाल कोणासच ठाऊक नव्हता. अफझलखानाच्या फौजेपुढे मावळातील मूठभर देशमुखांचा निभाव लागेल असे मानण्यास त्या वेळी फारसा आधार नव्हता, आणि बायकामुले घरातून हलविणाऱ्या माणसास धोक्याची कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. घोरपड्यांच्या आज्ञापालनाने त्यांचे स्वतःचे काही गेले नाही. जेध्यांच्या आज्ञाभंगाने पहिली आहुती त्यांच्या स्वतःच्या वतनाची पडली. समकालीनांच्या निवाड्यातील फरक बराचसा येथे आहे. हुकूम मोडणे त्यांना निषिद्ध नव्हते, पण हुकूम देणाऱ्याचे अन्न खात राहून तो मोडणे निषिद्ध होते. आणि हुकूम पाळणे गैर नव्हते, पण सोबत्यास न कळविता, तो निजला असता पाळणे त्यांना बोचले.

या समजुतीस एक अवघड जागा आहे आणि ती खंडोजी खोपड्याची. जेध्यांच्याच खोऱ्यातील या देशमुखाने धन्याचा हुकूम उघडपणे पाळला. त्याने कोणा निजलेल्यास धरले नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी खान मारला गेल्यावर खानाचा पुत्र फाजल याला आडवाटेने कऱ्हाडकडे सुखरूप पोहोचविण्याचे कामही त्यानेच केले. विजापूरच्या बाजूने पाहता ही निष्ठेची पराकाष्ठा होय. पुढे तो लपूनछपून राहिला व सिळीमकरांच्या द्वारे कान्होजींकडे रदबदलीस आला. कान्होजींनी शब्द टाकला, राजांनी जीवदान दिले. परंतु त्यानंतर त्याचा एक हात व एक पाय तोडविला. कान्होजींस याचे वाईट वाटले, तेव्हा तुमच्या शब्दाखातर प्राण राखला, एरवी देहांत शिक्षाच व्हावयाची होती, असे उत्तर मिळाल्याची हकीकत आहे. वतनाचे जुने वैर असलेल्या खोपड्यासाठी रदबदली करणाऱ्या कान्होजींस कदाचित हे जाणवले असेल की, फर्मान हाती पडले त्या दिवशी त्या दोघांत अंतर होते ते एका शपथेचे. खोपड्याने शिवाजीराजांस भाक दिली होती की नाही, यावर त्याच्या शिक्षेचा न्याय-अन्याय अवलंबून आहे. नवे राज्य उभे करणाऱ्या पुरुषास ही चौकशी करण्यास सवड नव्हती. मावळात राहणारा प्रत्येक देशमुख आपल्यास बांधलेला आहे, असे त्याने गृहीत धरले. जो अधिकार विजापुराने फर्मानाने मागितला, तोच त्याने तलवारीने मागितला, असे म्हणण्यास जागा आहे.

बाजी घोरपड्यांचा शेवट १६६४ मध्ये झाला. खवासखानाच्या कुमकेस ते निघाले असता शिवाजीराजांनी मुधोळावर अचानक चालून जाऊन त्यांस ठार केले. शहाजीराजांनी सूड घेण्याविषयी पत्र लिहिले होते, असे उत्तरकालीन बखरी सांगतात. त्या पत्रावर विसंबणे इष्ट नव्हे. छापा मात्र या खेपेसही बेसावध गाठूनच होता, ही गोष्ट बखरकारांनी नजरेआड केली आहे.

तेरा वर्षांनंतर, १६७७ मध्ये, भागानगरच्या मुक्कामी शिवाजी महाराजांनी बाजींचे पुत्र मालोजी घोरपडे यांस एक विस्तृत पत्र लिहिले. आपल्या वडिलांनी तुमच्या वडिलांस आदिलशाही दरबारात पुढे आणले, त्या उपकाराची फेड त्यांनी कैदेने केली, त्याबद्दल आम्हीही त्यांस मारून उसने फेडले, आता दोन्ही बाजूंनी मागील विसरावे, असा त्यातील भूतकाळाविषयीचा भाग आहे. विजापुरात पठाणांचा अंमल झाला आहे, तेव्हा ती चाकरी सोडून आम्हांस व कुतुबशहास येऊन मिळावे, असा प्रस्तुत भाग. ज्या घराण्याची अपकीर्ती धन्याचा हुकूम पाळल्याने झाली होती, त्यासच आता धनी सोडण्याचे आमंत्रण होते, आणि कारण तेच दिले होते : तख्तापेक्षा आपल्या माणसांशी असलेले नाते जवळचे. मालोजींनी काय विचार केला, त्याची नोंद मिळत नाही. मुधोळकर घोरपडे विजापूरच्याच सेवेत राहिले, आणि १६८६ मध्ये ते तख्त बुडाल्यावर मोगलांच्या.